थंड होताना अडकलेले चुंबकत्व



आपल्या वऱ्हाडात विहीर खणायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम लागतो आणि मग लागतो तो काळा पाषाण. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गाळच इतका खोल आहे की तिथली गोष्ट वेगळी. पण चिखलदऱ्याचा कडा पाहा, की पातूर-बार्शीटाकळीकडचा माळ पाहा, दगड तोच. हा दगड एके काळी पातळ रसासारखा वाहत होता. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या मागेपुढे जमिनीच्या भेगांतून तो वर आला, थरावर थर पसरला आणि निवला.

निवता निवता त्याने एक गोष्ट पोटात ठेवून घेतली. ह्या दगडात लोहखनिजाचे बारीक कण असतात. ते तापलेले असतात तोवर त्यांच्यात चुंबकत्व टिकत नाही. मॅग्नेटाइट नावाचे खनिज ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले, की मात्र ते भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरते. भोवताली क्षेत्र कोणाचे? पृथ्वीचे. ती दिशा दगडात कायमची राहते. १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे ह्या तिघांनी दख्खनच्या पाषाणातील ह्या चुंबकत्वावर निबंध प्रसिद्ध केला. काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. अशा मोजण्यांवरून कळून आले, की हा रस निवला त्या काळी आपला देश विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. तेव्हापासून तो सरकत सरकत इथवर आला. विहिरीच्या कठड्यावर आपण पाय ठेवून उभे राहतो, त्या दगडात ही सगळी हकीकत गोठलेली आहे.

आज बोलायचे आहे ते मात्र दगडाविषयी नव्हे. एक धातू आहे, निओबियम. तोही थंड होताना पृथ्वीचे चुंबकत्व पोटात अडकवून ठेवतो. दगडाने ठेवले तर शास्त्रज्ञाला आनंद होतो. निओबियमने ठेवले तर विजेचे बिल वाढते. हा फरक कसा, ते पाहू.

कोणी म्हणेल, “गुर्जी, निओबियम आमाले कायले पायजे बाप्पा? आमच्या पंपाले रात्री वीज येते, त्याचं सांगा.” विजेचेच सांगतो आहे. थोडा धीर धरावा.

अणूच्या पोटात काय आहे, नवे औषध शरीरातल्या रेणूला कुठे चिकटते, हे पाहायचे असेल तर अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेग द्यावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्राला त्वरक म्हणतात. कर्करोगाच्या दवाखान्यात ‘लिनॅक’ नावाचे यंत्र असते, ते ह्याच घराण्यातले धाकटे भावंड. कणांना वेग द्यायचा तो धक्के देऊन. झोका देताना आपण नेमक्या क्षणी हात लावतो, तसे प्रत्येक कण समोर आला की विजेचा धक्का. हे धक्के देण्यासाठी धातूच्या पोकळ्या करतात. एका प्रसिद्ध जातीची पोकळी म्हणजे नऊ गोल भांडी एकापुढे एक तोंडाला तोंड जोडावीत तशी दिसते. लांबी मीटरभर, धातूची जाडी सुमारे तीन मिलिमीटर. तिच्या आत विजेचे क्षेत्र सेकंदाला १३० कोटी वेळा मागेपुढे डोलत असते.

ही पोकळी म्हणजे देवळातली घंटा समजा. घंटा वाजवली की काही वेळ घुमते. उत्तम काशाची असेल तर जास्त घुमते, फुटकी असेल तर लगेच थांबते. तांब्याची पोकळी एकदा वाजवली, म्हणजे तिच्यात एकदा वीजलहर भरली, की एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास तिचा नाद विरू लागतो. कारण पोकळीच्या भिंतीत प्रवाह वाहतो, तांब्याचा विरोध त्याला नडतो आणि सारी शक्ती उष्णतेत जाते. तोच नाद निओबियमच्या उत्तम पोकळीत, ती उणे २७१ अंशांपर्यंत थंड केली असता, तीन सेकंद घुमतो. तीन सेकंद आपल्याला थोडे वाटतात. पण एका सेकंदात १३० कोटी झोके, हे लक्षात घ्या.

ही करामत अतिसंवाहकतेची. १९११ साली हॉलंडमधील लायडन गावी कॅमरलिंग ऑनस ह्यांनी पारा थंड करीत करीत उणे २६९ अंशांवर नेला, आणि त्यातला विजेचा विरोध एकाएकी नाहीसा झाला. निओबियमला हा गुण उणे २६४ अंशांच्या आसपास येतो, शिशाला उणे २६६ अंशांच्या सुमारास. एवढी थंडी द्रवरूप हेलियमने मिळते.

मग वीज फुकट झाली का? नाही ना. इथेच मेख आहे. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला अतिसंवाहकात विरोध नसतो. पण पोकळीतला प्रवाह सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होतो. त्याला किंचित विरोध उरतोच. तो इतका किंचित की ओहमच्या अब्जाव्या भागात, म्हणजे नॅनोओहममध्ये मोजावा लागतो. चांगल्या पोकळीत दहा नॅनोओहम. तुमच्या-माझ्या दृष्टीने शून्यच. तरी ह्या शून्यातून एका पोकळीत दहा वॉट उष्णता निपजते. घरातल्या लहान एलईडी दिव्याइतकी.

दहा वॉट म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण ही उष्णता कुठे निपजते, ते पाहा. ती उणे २७१ अंशांच्या तळाशी निपजते आणि तिला तिथून उपसून आपल्या उन्हाळ्यात आणून टाकायचे आहे. पाणी जितके खोल, तितका उपसा जड, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायला नको. उष्णतेचेही तसेच. शास्त्राचा हिशेब सांगतो, की यंत्र अगदी निर्दोष असले तरी त्या खोलीतून एक वॉट उपसायला १५० वॉट लागतील. प्रत्यक्षातली यंत्रे निर्दोष नसतात. ८०० ते १,००० वॉट लागतात. म्हणजे तळाशी चार वॉट उष्णता वाढली, की वर आपल्या पाच अश्वशक्तीच्या पंपाइतकी वीज जास्त जळते. चार वॉटला एक पंप, हे गणित डोक्यात ठेवा. पुढे कामी येईल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डजवळ अशा २८० पोकळ्यांचा एक त्वरक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यातून पहिले क्ष-किरण निघाले. प्रत्येक पोकळीत दहा वॉट धरले, तर एकूण २,८०० वॉट. उपसायला अडीच-तीन हजार किलोवॉट वीज. सातआठशे पंपांची. पुष्कळ झाली, हे खरे. पण ह्याच पोकळ्या तांब्याच्या करून तेवढ्याच जोराने अखंड चालवायच्या म्हटल्या, तर अडीच हजार मेगावॉट लागले असते. आपल्या अकोला जिल्ह्यातील पारसच्या केंद्रात अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. तशी पाच केंद्रे एका यंत्राला जुंपावी लागली असती, आणि तांबेही वितळले असते ते निराळेच. दवाखान्यातला लिनॅक तांब्याचा चालतो, कारण तो क्षणभर चालतो आणि थांबतो. त्याला अखंड चालायचे नसते.

तेव्हा निओबियमला पर्याय नाही. आणि आता आपण चुंबकत्वाकडे वळू.

१९३३ साली जर्मनीत माइसनर आणि ऑक्सनफेल्ड ह्या दोघांनी दाखवून दिले, की अतिसंवाहक झालेला धातू आपल्या पोटातले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलून देतो. पुस्तकात हा नियम असाच लिहिलेला असतो. शिक्षक मंडळी तो मुलांना असाच सांगतात, आणि ते चुकत नाहीत. पण पुस्तकातला धातू अगदी शुद्ध, अगदी एकसंध असतो. कारखान्यातून येतो तो निओबियमचा पत्रा. तो लाटलेला, दाबलेला, जोडलेला. त्यात कणाकणांच्या सीमा असतात, कुठे ताण राहिलेला, कुठे परक्या मूलद्रव्याचा अंश. धातू थंड होऊन अतिसंवाहक होऊ लागला, की चुंबकरेषा बाहेर पडायला निघतात, पण ह्या खाचाखळग्यांत अडकतात. सारा पत्रा अतिसंवाहक झाला तरी त्या जागी केसाहून कितीतरी बारीक असा एक धागा साध्या धातूचाच राहतो. त्याच्या मधून चुंबकरेषा जाते आणि तिच्या भोवती प्रवाहाचा भोवरा फिरत असतो.

हे भोवरे कसे असावेत, ह्याचे गणित रशियाच्या अब्रिकोसोव्ह ह्यांनी १९५७ साली मांडले. मौज अशी, की प्रत्येक भोवऱ्यातून जाणारे चुंबकत्व ठरलेल्या मापाचेच असते. निसर्गाने जणू एकच पायली ठेवली आहे. पाऊण नाही, सव्वा नाही. त्यामुळे किती भोवरे अडकले ते मोजता येते. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र ०.४ गॉसहून थोडे अधिक आहे. होकायंत्राची सुई फिरवण्यापलीकडे ते काही करीत नाही. पण हे सगळे क्षेत्र निओबियममध्ये अडकले, तर करंगळीच्या नखाएवढ्या, म्हणजे एका चौरस सेंटिमीटर जागेत, सुमारे वीस लाख भोवरे बसतील.

बसले तर बसू द्या, असे म्हणून चालत नाही. पोकळीच्या भिंतीत सेकंदाला १३० कोटी वेळा प्रवाह उलटतो. प्रत्येक वेळी तो ह्या भोवऱ्यांना ढकलतो. दावणीला बांधलेला गोऱ्हा माश्या चावू लागल्या की कसा दाव्याला हिसके देतो. दावे तुटत नाही आणि तो स्वस्थही राहत नाही. तसा हा धागा. दोन-चार ठिकाणी खिळलेला, मधे थरथरणारा. त्याच्या गाभ्यात धातू साधाच असल्यामुळे त्या थरथरीत घर्षणासारखा विरोध होतो आणि उष्णता निपजते. साध्या निओबियमच्या पोकळीचा अनुभव असा, की गॉसचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलिगॉस क्षेत्र अडकले, तर विरोध नॅनोओहमच्या एक-तृतीयांशाने वाढतो. आता गुणाकार करा. पृथ्वीचे क्षेत्र चारशेवर मिलिगॉस. म्हणजे दीडशेच्या जवळपास नॅनोओहम. मुळात होते दहा. तीन सेकंद घुमणारी घंटा पाव सेकंदातच मुकी झाली. दहा वॉटचे दीडशे वॉट झाले. सातआठशे पंपांच्या जागी दहा हजारांहून अधिक पंप. खरे तर तेवढा उपसा करणारे शीतयंत्र तिथे नाहीच. मग त्वरक मंद चालवावा लागेल, आणि ज्यासाठी तो बांधला ते काम होणार नाही.

म्हणजे कुठलेही भांडे फुटले नाही, कुठली तार तुटली नाही. फक्त थंड करताना भोवताली पृथ्वी होती, एवढाच दोष!

मग उपाय काय? पहिला उपाय आडोशाचा. पोकळीभोवती निकेलबहुल मिश्रधातूच्या पातळ पत्र्याचे आवरण घालतात. हा पत्रा चुंबकरेषांना अडवतो असे म्हणणे बरोबर नाही. तो त्यांना सोपी वाट देतो. शेताच्या वरच्या बाजूने चर खणला, की डोंगराकडून आलेले पाणी शेतात न शिरता चरातून बाहेर निघून जाते, तसे. चर जितका चांगला, तितके शेत कोरडे. स्टॅनफर्डच्या यंत्रात पोकळीपाशी पाच मिलिगॉसपेक्षा कमी क्षेत्र असावे असा दंडक ठेवला होता. त्यासाठी आवरणे घातली, तारेची वेटोळी घालून उलट क्षेत्र दिले, आणि आतला प्रत्येक पोलादी भाग चुंबकाळलेला नाही ना, हे तपासले. कामगाराच्या हातचा पाना जर चुंबकाळलेला असेल, तर तोही घात करू शकतो.

हे ऐकताना मला आपल्या अलिबागची आठवण येते. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या इमारती चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाच्या बांधल्या. आपला काळा पाषाण तिथे मुळीच चालला नसता. का, ते आता तुम्हीच सांगाल. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस होते. त्यांनी दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरीने मोजण्या चालू ठेवल्या, म्हणून जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींना जुळतात. ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. आज ट्रामही नाही, पण अलिबागची मोजणी चालू आहे.

आणि योगायोग पाहा. त्याच कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात आज अतिसंवाहक त्वरक आहे. पेलेट्रॉन नावाचे मूळ यंत्र १९८८ च्या अखेरीस सुरू झाले. त्यातून निघालेल्या जड कणांना आणखी वेग द्यायला पुढे अतिसंवाहक जोड दिली गेली आणि २००७ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्यात २८ पोकळ्या आहेत, एकेका थंड पेटीत चार अशा सात पेट्यांत. त्या निओबियमच्या नाहीत. तांब्याच्या भांड्याला कल्हई करावी तसा आतून शिशाचा पातळ मुलामा दिलेला आहे. विजेचे काम सगळे त्या मुलाम्यातच चालते. तांब्याने फक्त आकार धरायचा आणि उष्णता वाहून न्यायची. कल्हईवाल्याला हे लगेच पटेल. ह्या पोकळ्यांत झोके सेकंदाला पंधरा कोटीच आहेत. झोके कमी, म्हणून मूळचा विरोधही कमी, म्हणून उणे २६९ अंशांच्या आसपासची थंडी पुरते. दोन अंश अधिक खोल जाण्याचा खर्च वाचतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातील पोकळ्या मात्र निओबियमच्या आहेत. आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र घ्या. जुन्या मीटरगेज गाडीने खांडव्यामार्गे इंदूरला गेलेले लोक अकोल्याकडे अजून सापडतील. त्या इंदुरात आपले लोक निओबियमचे पत्रे दाबून, सांधून, घासून पोकळ्या तयार करतात आणि थंड करून तपासतात. अमेरिकेच्या फर्मी प्रयोगशाळेशी त्यांचे सहकार्य आहे. तेव्हा ही दूरदेशीची कथा आहे असे कोणी समजू नये.

आता दुसरा उपाय. मला स्वतःला ह्यातला हाच भाग सर्वांत गोड वाटतो, कारण त्यात पैसा फारसा नाही, युक्ती आहे.

पुष्कळ वर्षे अशी समजूत होती, की भोवताली जे क्षेत्र असेल ते जवळजवळ सगळेच निओबियममध्ये अडकते. म्हणून आडोसा चांगला करा, आणि थंड करताना घाई करू नका. २०१४ साली फर्मी प्रयोगशाळेत अलेक्झांडर रोमानेंको, अ‍ॅना ग्रासेलिनो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पोकळ्या वेगवेगळ्या तऱ्हेने थंड करून पाहिल्या. पोकळी तीच, आडोसा तोच, क्षेत्र तेच. फक्त थंड करण्याची रीत बदलली. सावकाश, सगळीकडून सारखी थंड केली, तर चुंबकत्व जवळजवळ सगळे अडकले. झपाट्याने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थंड केली, तर त्यातले बरेचसे बाहेर निघून गेले.

असे का व्हावे? शेतात गुरे शिरली आहेत असे समजा. चारी बाजूंनी पोरे धावत आली, तर गुरे मधेच कोंडतात, उभ्या ज्वारीत इकडेतिकडे घुसून बसतात. शहाणा शेतकरी एका बाजूने ओळ धरतो आणि हाकत हाकत दुसऱ्या बाजूला नेतो. मोकळी वाट समोर असली, की गुरे आपण होऊन बांधापलीकडे जातात. पोकळी सगळीकडून सारखी थंड झाली, की इथे एक ठिपका अतिसंवाहक होतो, तिथे एक होतो, ठिपके पसरत एकमेकांना भिडतात आणि मधल्या बेटांत चुंबकरेषा कोंडतात. बेटाला बाहेर जायला वाटच नाही. एका टोकाकडून सीमारेषा सरकत गेली, तर तिच्या पुढे नेहमी साधा धातू असतो, रेषांना सरकायला जागा असते. शिवाय तापमानातला उतार स्वतःच भोवऱ्यांना रेटतो. उतार तीव्र असला, की खाचेत रुतलेला भोवराही सुटतो. म्हणून वेगाने हेलियम सोडतात, की पोकळीचे एक टोक थंड व्हावे आणि दुसरे अजून ऊबदार असावे.

पण व्यवहारात एक औषध दिले की दुसरे दुखणे उठते. पोकळी निओबियमची, तिच्या भोवतीची हेलियमची टाकी टायटॅनियमची. दोन निराळे धातू दोन टोकांना जोडलेले, आणि एक टोक थंड, एक गरम. अशा जोडीत आपोआप वीजप्रवाह वाहू लागतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. प्रवाह आला की चुंबकत्व आले. म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व हाकलायला तापमानाचा उतार दिला, आणि त्याच उताराने नवे चुंबकत्व जन्माला घातले! बर्लिन आणि कॉर्नेल इथल्या प्रयोगांत ह्यामुळे सावकाश थंड करणेच फायद्याचे दिसले होते, आणि काही काळ दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे वाटत. खोलात गेल्यावर कळले, की उतार कोणत्या दिशेने द्यावा हेही महत्त्वाचे आहे. टाकीच्या डाव्या-उजव्या टोकांत फरक राहिला तर प्रवाह वाहतो. खालून वर थंडी चढवली आणि दोन्ही टोके सारखी ठेवली, तर हाकलणे साधते आणि उपद्रव कमी होतो. गुरे हाकायचीच आहेत, पण शेजाऱ्याच्या शेतात नव्हे.

तिसरा उपाय धातूवरचा. २०१३ च्या सुमारास असे आढळले, की पोकळी भट्टीत तापवताना थोडा नायट्रोजन आत मुरवला, तर मूळचा विरोध पुष्कळ उतरतो. स्टॅनफर्डच्या यंत्रासाठी हीच रीत घेतली. पण नायट्रोजन मुरलेला निओबियम अडकलेल्या चुंबकत्वाला जास्त हळवा निघाला. तेवढेच क्षेत्र अडकले तर साध्या निओबियमच्या कितीतरी पट नुकसान. त्यातच काही पत्र्यांची अशी तऱ्हा, की कितीही झपाट्याने थंड करा, ते चुंबकत्व सोडायलाच तयार नाहीत. एकाच जातीचा धातू, एकाच शुद्धतेचा, आणि तरी एक सोडतो, दुसरा धरून ठेवतो. शेवटी भट्टीचे तापमान नेहमीच्या ८०० अंशांऐवजी ९०० आणि त्याहून वर नेले. त्याने धातूचे कण मोठे झाले, आतले ताण निवळले, खाचा कमी झाल्या आणि हट्टी पत्रेही वळणावर आले. मात्र फार तापवले की धातू मऊ पडतो आणि पोकळीचा आकार बिघडण्याची भीती. शंभर अंशांच्या त्या फरकात केवढी देवघेव आहे, ते भट्टीपाशी उभे राहणाऱ्यालाच ठाऊक.

इतके करूनही कधी चुंबकत्व अडकलेच, तर दगडापेक्षा निओबियमचे एक बरे आहे. दगडातले चुंबकत्व घालवायला शेकडो अंश तापवावे लागते. निओबियम उणे २६४ अंशांच्या जरासा वर आणला, की भोवरे विरघळून जातात आणि पाटी कोरी होते. मग पुन्हा, ह्या वेळी नीट हाकत, थंड करायचे. चालू यंत्रातही कधी पोकळीचा एखादा ठिपका तापून क्षणभर अतिसंवाहकता गमावतो आणि निवताना भोवतालचे क्षेत्र गिळून बसतो. दुसऱ्या दिवशी यंत्रचालकाला हेलियमचा खप वाढलेला दिसतो. तो ओळखतो, की रात्री काहीतरी अडकले.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी दोन प्रयोग सांगतो. शाळेत हेलियम मिळणार नाही, पण लोहाराचा भाता गावात अजून असेल.

पहिला आडोशाचा. होकायंत्र टेबलावर ठेवा. चुंबक जवळ आणून सुई किती वळते ते पाहा. आता मधे तेलाच्या लोखंडी डब्याचा पत्रा उभा करा आणि पुन्हा पाहा. मग तसाच ॲल्युमिनियमचा पत्रा धरून पाहा. कोणता पत्रा चर खणतो आणि कोणता नाही, हे मुलेच सांगतील. स्टीलच्या डब्याने फसू नका. पुष्कळ स्टीलला चुंबक चिकटतच नाही, आणि ते इथे कामाचे नाही.

दुसरा प्रयोग थंड होण्याचा. जुन्या छत्रीच्या पोलादी काडीचे वीतभर लांबीचे दोन सारखे तुकडे घ्या. दोन्ही लोहाराकडून लाल होईस्तोवर तापवा. चिमट्याने काढून एक तुकडा उत्तर-दक्षिण ठेवा आणि दुसरा पूर्व-पश्चिम. दोन्ही विटेवर ठेवा, लोखंडी ऐरणीवर नको. निवेपर्यंत हात लावू नका, आणि मुलांना दूर उभे करा, कारण लाली गेली तरी पोलाद बराच वेळ भाजते. पूर्ण निवल्यावर प्रत्येक तुकड्याचे एकेक टोक होकायंत्राच्या सुईच्या उत्तर टोकाजवळ आणा. सुई नुसती ओढली गेली तर त्यात विशेष नाही. साधे लोखंडही सुईला ओढते. एका टोकाने सुई दूर लोटली गेली, तर समजा की काडीत चुंबकत्व शिरले आहे. ते फार क्षीण असेल, तेव्हा सुई हलकी घ्या आणि टेबलाजवळ लोखंडी खुर्ची ठेवू नका. उत्तर-दक्षिण निवलेली काडी आणि पूर्व-पश्चिम निवलेली काडी ह्यांत फरक दिसतो का, ते मुलांकडून वहीत लिहून घ्या. मग तीच काडी पुन्हा लाल करून आडवी निववा, आणि आधी शिरलेले चुंबकत्व उरते की जाते, ते पाहा.